सगळ्यांना होणारच असेल, तर अंतर पाळून काय मिळतं?

प्रश्न: कोरोनात सारखं सांगायचे, अंतर पाळा म्हणजे पीक (एकाच वेळी आजारी असलेल्यांचा उच्चांक) खाली येईल. पण शेवटी बहुतेकांना लागण होणारच असेल तर साथ नुसती लांबवून काय मिळतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: खूप काही मिळतं. समजा एक पेशंट सरासरी अडीच जणांना आजार देतोय, तर पाचव्या फेरीत (आजार एकाकडून पुढच्यांकडे गेला की एक फेरी) एकाचे जवळपास 98 नवे रुग्ण होतात, आणि भेटीगाठी 40 टक्के कमी केल्या की तो दीड जणांनाच देतो, मग पाचव्या फेरीत होतात फक्त सात-आठ. सगळे एकमेकांत सारखेच मिसळतात असं धरून साधं गणित केलं तर पीकला 100 पैकी 23 जण एकाच वेळी आजारी असतात, ते येतात 6 वर. म्हणजे भेटी निम्म्यानेही कमी नाही केल्या आणि पीक मात्र पाव झालं! एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजन बेडसाठी लोक पेशंटला घेऊन या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरत होते ना, तिथे हा फरक जीव वाचवतो.

आणि "सगळ्यांना होणारच" हेही खरं नाही. याच गणितात शेवटपर्यंत अंतर पाळलं तर एकूण लागण 100 पैकी 89 वरून 58 वर येते. (हे गणित 1927 चं, कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या शास्त्रज्ञांचं, आणि त्यांनी ते ताडून पाहिलं ते आपल्या मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगच्या आकड्यांवर.)

प्रत्यक्षात काय होतं ते 1918 च्या फ्लूत अमेरिकेत दिसलं. फिलाडेल्फियात रुग्ण सापडायला लागलेले असताना 28 सप्टेंबरला युद्धकर्जासाठी परेड काढली, दोनेक लाख लोक जमले, शाळा-थिएटरं बंद केली ती 3 ऑक्टोबरला. सेंट लुईसमध्ये आरोग्य आयुक्त मॅक्स स्टारक्लॉफ यांनी पहिले रुग्ण दिसल्यावर दोनच दिवसांत सगळं बंद केलं. सगळ्यात वाईट आठवड्यात फ्लू-न्यूमोनियाचे नेहमीपेक्षा जास्तीचे मृत्यू फिलाडेल्फियात लाखामागे 257, सेंट लुईसमध्ये बंधनं लागू होती तोवर 31.

मात्र सेंट लुईसने नोव्हेंबरच्या मध्याला बंधनं सैल केली, आणि अजून लागण न झालेले लोक भरपूर उरले होते त्यामुळे तिथे मृत्यू पुन्हा वाढले. तरी वर्षअखेरपर्यंतचा एकूण हिशोब फिलाडेल्फियाच्या साधारण निम्माच राहिला.