हिमाचलमधल्या स्पितीत हिमबिबट्या बघायला पहिल्यांदा जाताय ना?

जून-जुलैचं तिकीट काढलं असेल तर आधी ते बदला. उन्हाळ्यात हिमबिबट्या खूप वर असतो. फेब्रुवारी-मार्चला जा. बर्फामुळे भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या) खाली येतात, त्यांच्यामागे तोही येतो. शिवाय हा हिमबिबट्यांच्या जोड्या जमण्याचा काळ, त्यामुळे हालचाल जास्त. मनालीकडच्या रस्त्यावरची कुंझुम खिंड तेव्हा बंद असते, म्हणून शिमला-किन्नौरमार्गे काझा हे स्पितीतलं मुख्य गाव गाठायचं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून काझ्यात निदान दोन दिवस शांत बसा, कारण जिथे बिबट्या बघायचा ते किब्बर गाव 4,000 मीटरच्याही वर आहे.

किब्बरला पोचलात की दरीच्या कडेला एक जागा धरा आणि पहाटे, मग पुन्हा दुपारी उशिरा, तिथेच थांबा. फिरत राहून काही दिसत नाही. बिबट्या शोधू नका, भरल शोधा. सगळा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला ताठ मान करून उभा राहिला, की दुर्बीण तिकडे वळवा आणि कड्याच्या कडा, कपारी, दगडांच्या सावल्या हळूहळू तपासा. पहिल्यांदा मला दिसली ती फक्त शेपटी. जाड, लांब, दगडावरून लोंबणारी. ती हलली तेव्हा कळलं की ज्याला दगड समजत होतो तोच तो.

दुर्बिणीपेक्षा स्पॉटिंग स्कोप (लांबचं मोठं करून दाखवणारी, तिपाईवरची एकनळी दुर्बीण) महत्त्वाचा. स्थानिक वाटाड्यांकडे बहुतेकदा असतो. वाटाड्या मात्र गावातलाच घ्या. त्यांची गुरं या प्राण्याच्या तोंडी जातात, तेव्हा पैसा त्यांच्या घरी गेलाच पाहिजे. आणि फोटोसाठी जवळ जायचा हट्ट कृपा करून धरू नका.