कोने नुसत्या सिमेंटात बसवू नका

तुम्ही विचारलंय, मंगळुरी कौलांच्या घराचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची वळणाची कौलं, सिमेंटात बसवावेत की चुन्यात, वरून डांबराची पट्टी मारावी का, आणि खर्च किती येईल. नुसतं सिमेंट नको. पट्टी तर मुळीच नको.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. वाळपईचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला आढ्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तिथली ही कौलं एकमेकांत अडकतात, त्यामुळे पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, कुठेच सिमेंट-चुन्याचा माल लागत नाही. लागतो तो आढ्यावर, दोन्ही पाखी भेटतात तिथे. घर गळलं की मी आधी तिथे बघतो.

आमच्या वडिलोपार्जित घराचे कोने बाबांच्या हयातीत चुन्यातले होते. बाबा गेल्यावर थोरल्या चुलतभावाने ठेकेदार आणला. 'चुन्याचा जमाना गेला,' दादा म्हणाला. मी तेव्हाच विरोध केला होता, पण धाकट्याचं ऐकतो कोण? कोन्यांखालची पोकळी सिमेंटाने ठासून भरली, वरून लाल रंग दिला. पुढच्याच चतुर्थीला ऐन माटोळीवर, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या मांडवीवर, ठिबक लागली. गणपतीच्या डोक्यावर प्लास्टिक धरून आरती केली आम्ही. दादाचं म्हणणं, माकडांनी कौलं फोडली. एकही कौल फुटलेलं नव्हतं! पाऊस सरल्यावर कोने उचलले, तर किंदळीच्या लाकडाचं आढं वरून काळं पडलेलं, पटाशी लावली की आत जात होती.

कारण साधं आहे. कौल उन्हात तापून फुगतं, लाकूड पावसाळी हवेत फुगतं. कडक सिमेंट त्यांच्याबरोबर हलत नाही, केसाएवढी भेग पडते. तिथून शिरलेलं पाणी ठासून भरलेल्या मालात अडकतं आणि आढं कुजवतं. वर डांबराची पट्टी मारलीत तर उरलेली ओलही सुकत नाही.

नंतर गावच्या म्हाताऱ्या मेस्ताकडून, म्हणजे गवंड्याकडून, करून घेतलं. एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू. कोने आधी पाण्यात भिजवलेले, नाहीतर कौल मालातलं पाणी शोषून घेतं. माल फक्त दोन्ही कडांखाली, मधली पोकळी मोकळी. मालाची कड कौलाच्या थोडी आत ठेवायची, बाहेर लोंबली की तिथेच पाणी थांबतं. पाऊस ज्या टोकाकडून झोडपतो त्याच्या उलट टोकापासून सुरुवात करायची, म्हणजे सांध्यांची तोंडं वाऱ्याकडे येत नाहीत. वर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारायचं. त्या घराला त्यानंतर गळती नाही. दादा अजून म्हणतो की रंगच हलका होता. रंगाने आढं कुजत नाही, हे त्याने मेस्तासमोर एकदा बोलून दाखवावं.

खर्चाचं तुमच्याच गावच्या मेस्ताला विचारा, गावागणिक मजुरी बदलते. आणि हो, समुद्रकाठी घर असेल तर कडेचे कोने तारेनेही बांधून घ्या. तार तांब्याची, लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजते. वरच्या ओळीची कौलं आढ्यापासून लांब राहिली असतील, तर कोने चार बोटंही झाकणार नाहीत आणि कुठलाच माल कामाचा नाही. आधी सगळ्यात वरची रीप, म्हणजे कौलं जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, सरकवून घ्या. हे सगळं एप्रिलमध्ये उरका, मे अखेरीस मेस्त मिळत नाही.