वाचकांचे प्रश्न : दुर्गम जागी पडलेली जुनी लष्करी विमानं बाहेर काढताना

प्रश्न : दलदलीत बी-१७सारखं बॉम्बफेकी विमान जवळपास अख्खं पडलेलं असतं, तरी ते सुटं करून का आणतात? मोठ्या हेलिकॉप्टरनं एकदम उचलता येत नाही का?

उत्तर : आधी वजन बघा. रिकामं बी-१७ई साडेचौदा टनांच्या आसपास भरतं. मी-८ हेलिकॉप्टर दोराला टांगून साधारण तीन टन नेतं, चिनूक फार तर अकरा-बारा टन, आणि तेही थंड हवेत व समुद्रसपाटीजवळ. उष्ण, दमट हवेत किंवा उंचावर ही क्षमता झपाट्यानं घटते. वर विमानाच्या पोटात साचलेला गाळ आणि पाणी असतंच. पापुआ न्यू गिनीच्या अगाइम्बो दलदलीत २३ फेब्रुवारी १९४२ रोजी पोटावर उतरलेलं आणि पुढं ‘स्वाम्प घोस्ट’ नावानं ओळखलं गेलेलं बी-१७ई २००६ साली भाग सुटे करूनच बाहेर आलं.

मात्र सुटं करणं वेगळं आणि कापणं वेगळं. पंखाचा मुख्य कणा, म्हणजे स्पार, करवतीनं कापला की ते विमान पुन्हा स्वतःच्या बळावर उभं राहणं जवळपास संपलं. घाईच्या मोहिमांनी असं बरंच नुकसान करून ठेवलं आहे, आणि त्यातलं बहुतेक टाळता आलं असतं. बी-१७चे पंख निमुळत्या पोलादी पिनांनी जोडलेले असतात. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजतं, आणि त्याची पांढरी भुकटी फटीत फुगून पिन आवळून धरते. मग पिन हलत नाही आणि कुणीतरी करवत काढतं.

त्याआधी करायचं ते असं. जोड ब्रशनं साफ करा, चारही बाजूंनी फोटो घ्या, गंज सोडवणारं पातळ तेल दिवसातून दोनदा सोडा आणि काही दिवस थांबा. नंतर पंखाखाली स्पारच्या रेषेत जॅक किंवा हवेच्या पिशव्या लावून पंखाचा भार जोडावरून काढा. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. पंखाचं वजन पिनेवर लटकत असेल तर कितीही तेल घाला, ती सुटणार नाही. पिन बारीक टोकाकडून हायड्रॉलिक पुलरनं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रानं, हळूहळू ढकला. घणाचे घाव घातले तर टोक छत्रीसारखं पसरतं आणि पिन कायमची अडकते. गॅसची ज्योतही लावू नका. ड्युरॅल्युमिनला, म्हणजे विमानात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला, उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते, ती ज्योतीनं जाते आणि वरून पाहून कळतही नाही. काहीच चाललं नाही तर पिन मधोमध ड्रिल करून पोकळ करा. पिन नवी बनवता येते, स्पारचा कान, म्हणजे पिन ज्यातून जाते तो भोकाचा भाग, नाही.

प्रश्न : चिखलात रुतलेलं धड दोर लावून ओढलं तर?

उत्तर : फाटेल. पोटाखालच्या गच्च चिखलात हवा-पाणी पटकन शिरत नाही, त्यामुळे उचलताना खाली पोकळी तयार होऊन धड उलट खालीच खेचलं जातं. कमी दाबाच्या पाण्याचे पाइप खाली सरकवून आधी ती पकड मोडावी लागते, आणि एकाच कडेनं उचलायला सुरुवात करावी लागते. यासाठी रुंद, कमी दाबाच्या हवेच्या पिशव्या सर्वांत चांगल्या. एक चौरस मीटर पिशवीत ०.२ बार दाब भरला तरी सुमारे दोन टनांचा जोर मिळतो आणि तो पातळ पत्र्यावर पसरतो. पिशवी फ्रेम (धडाला आतून आकार देणारी कडी) आणि स्पारखाली ठेवा, दोन फ्रेममधल्या पत्र्याखाली नको. दोर इंजिनाच्या माऊंटला, चाकांच्या जोडाला किंवा मूळ जॅकच्या जागी बांधा, शेपटीला कधीही नाही.

सुटा पंख हेलिकॉप्टरखाली टांगताना तो पंखच असतो हे विसरू नका. वेग वाढला की तो हवा पकडतो, गरगरू लागतो आणि पायलटला नाइलाजानं दोर सोडावा लागतो. वरच्या बाजूवर लाकडी पट्ट्या उभ्या बांधल्या की प्रवाह मोडतो. मागं एक छोटं पॅराशूट लावावं आणि वेग कमी ठेवावा.

प्रश्न : ग्रीनलंडच्या बर्फाखालून विमान कसं काढलं?

उत्तर : १५ जुलै १९४२ रोजी सहा पी-३८ लढाऊ विमानं आणि दोन बी-१७ तिथं बर्फावर उतरली. माणसं वाचली, विमानं राहिली. दर वर्षीचा बर्फ साचत गेला आणि १९९२ साली त्यातलं एक पी-३८ सुमारे ८२ मीटर खोल होतं. जागा रडारनं शोधली. मग गरम पाणी फिरणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचं शंकूसारखं यंत्र साखळीनं खाली सोडून सव्वा मीटर रुंदीची विहीर वितळवली. तासाला साधारण ६० सेंटिमीटर हा वेग धरला तरी अखंड काम करून पाच-सहा दिवस लागतात, आणि वितळलेलं पाणी सतत उपसलं नाही तर तेच पुन्हा गोठतं. तळाशी गरम पाण्याच्या झोतानं विमानाभोवती गुहा कोरली, भाग तिथंच सोडवले आणि एकेक वर घेतले. हेच विमान ‘ग्लेशियर गर्ल’ म्हणून २००२ साली पुन्हा उडालं. शेजारचं बी-१७ मात्र चेपलेलं निघालं. मोठं पोकळ धड तो दाब सोसू शकलं नाही.

प्रश्न : जागेवरच दुरुस्त करून उडवत का आणत नाहीत?

उत्तर : ग्रीनलंडमध्येच १९४७ साली उतरलेल्या ‘की बर्ड’ या बी-२९ बॉम्बफेकी विमानावर हा प्रयत्न झाला. नवी इंजिनं बसली, चालूही झाली. मे १९९५ मध्ये गोठलेल्या तळ्यावरून धावताना शेपटीकडच्या छोट्या जनरेटरच्या तात्पुरत्या टाकीतून पेट्रोल गळलं आणि विमान जळून गेलं.

प्रश्न : पाण्यातून काढलेलं विमान काठावर आल्यावर का मोडतं?

उत्तर : पाण्यात त्याला आधार असतो, बाहेर नसतो. शिवाय आत अडकलेल्या प्रत्येक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. पृष्ठभागाशी आल्यावर थांबून पाणी निथळू द्यावं. १९९९ साली नॉर्वेतल्या ट्रोन्डहाइमच्या फ्योर्डमधून, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीतून, उचलताना फॉके-वुल्फ २०० हे जर्मन विमान मोडलंच. उचलण्याच्या पिशव्या तळाशी उघड्या हव्यात, कारण दहा मीटरवरून वर येईतो हवा दुप्पट फुगते आणि बंद पिशवी फुटते किंवा विमान वेगानं वर फेकलं जातं.

समुद्रातून काढलेलं विमान वाळू देऊ नका. क्षार हवेत आले की काही दिवसांत पत्रा पापुद्र्यांनी सुटतो. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यातून जून २०१३ मध्ये काढलेल्या डॉर्नियर १७ या जर्मन बॉम्बफेकी विमानावर सौम्य सायट्रिक आम्लाचा फवारा दीर्घकाळ चालू ठेवावा लागला. मॅग्नेशियमचे भाग खाऱ्या पाण्यात बहुतेक उरतच नाहीत. गोड्या, थंड, खोल तळ्यातलं विमान म्हणूनच जास्त आशेचं.

प्रश्न : कशाला हात लावू नये?

उत्तर : दारूगोळा, ऑक्सिजनच्या बाटल्या, हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी). दाब अजून टिकून असू शकतो. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. तो चमकत नाही म्हणून संपला असं नाही, रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच फुटली असेल तर मास्क आणि हातमोजे घालून तबकडी बंद पिशवीत ठेवा. दारूगोळ्यासाठी त्या देशाच्या लष्कराचं पथक आधी, बाकी सगळे नंतर.

प्रश्न : सापडलेलं विमान कुणाचं?

उत्तर : बहुतेक वेळा सापडणाऱ्याचं नाही. ब्रिटनमध्ये १९८६च्या कायद्यानं परवान्याशिवाय लष्करी विमानाला हात लावता येत नाही. अमेरिकी नौदल आपल्या बुडालेल्या विमानांवरचा हक्क सोडत नाही. ‘स्वाम्प घोस्ट’ दलदलीतून निघूनही पापुआ न्यू गिनीतल्याच लाएच्या बंदरात वादात अडकलं आणि २०१० सालीच देशाबाहेर पडू शकलं. म्हणून निर्यातीची परवानगी लेखी हातात येईपर्यंत पहिली पिनसुद्धा काढू नये. आणि अवशेषांत हाडं, बूट किंवा ओळखपत्राची पट्टी दिसली तर काम तिथंच थांबवा, जागा हलवू नका, अक्षांश-रेखांश नोंदवून त्या देशाच्या अधिकाऱ्यांना आणि विमान ज्याचं त्या देशाच्या दूतावासाला कळवा. ‘हम्प’च्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आसामहून हिमालयावरून चीनला जाणाऱ्या, हवाईमार्गावर डोंगरांत कोसळलेल्या विमानांतले अनेक जण अजून बेपत्ता यादीत आहेत. तिथं हाडाची जागा आणि पट्टीवरचा क्रमांक यांना पंख्याच्या पात्यापेक्षा जास्त किंमत आहे.