शिखराकडे निघण्याआधी: श्रद्धा, श्वास आणि परत फिरण्याची वेळ

प्रिय स्नेही,

प्रभूमध्ये सलाम.

सहा हजार मीटरच्या शिखरावर निघण्याआधी तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. वर गेल्यावर देव अधिक जवळ वाटतो का, आणि दम संपल्यावर प्रार्थनेनं खरंच बळ येतं का? दोन्हींना माझं उत्तर 'होय' आहे. फक्त त्या 'होय'ला अटी आहेत आणि त्यातल्या निम्म्या हवेच्या दाबाशी बांधलेल्या आहेत.

वरच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण सुमारे २१ टक्केच असतं. घटतो तो दाब. ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. ही टंचाई मेंदूला फार लवकर जाणवते, आणि प्रार्थना करायची ती त्याच मेंदूनं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तोत्र वाचताना मन कोरडं पडलं, शब्द सुचेनासे झाले, उगाच रडू फुटलं किंवा सोबत्यावर चिडचिड झाली, तर 'माझा विश्वासच कच्चा' असं लगेच ठरवून मोकळं होऊ नकोस. आधी पाहा: लघवी गडद झाली आहे का? पोटभर जेवण शेवटचं कधी झालं? डोकं दुखतंय का, मळमळतंय का?

बायबलातला १ राजे १९ वा अध्याय निघण्याआधी नीट वाच. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत बसत नाही. उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्याच्या कानी पडते ती यानंतर, चाळीस दिवसांची वाट तुडवल्यावर. उंचीवर हाच क्रम ठेवायचा. दिवसाकाठी तीन ते चार लिटर पातळ पदार्थ, भूक मेली असली तरी तासा-दीड तासानं चार घास, आणि आत्मपरीक्षण त्यानंतर.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. हा थांबा उत्साही लोकांना फुकट गेलेला दिवस वाटतो. शब्बाथ, म्हणजे देवानं नेमलेला विसाव्याचा दिवस, काय असतो हे कळायला मात्र त्याच्याइतकी चांगली जागा नाही. काहीही न कमावता शरीर आपोआप घडत असतं. लांब वाचन, पापांगीकार, मध्यस्थीची प्रार्थना हे सगळं या दिवशी कर. चढाईच्या दिवशी तेवढा श्वास शिल्लक राहत नाही.

रात्रीबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. उंचीवर झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग धाप लागून दचकून जाग येते. अंधार, बर्फाळ तंबू, छातीत धडधड. कुणाला ही मरणाची चाहूल वाटते, कुणाला सैतानाचा हल्ला. तसं काही नसतं. कमी दाबात मेंदूचं श्वासावरचं नियंत्रण हेलकावे खातं, धडधाकट माणसाचंही. उठून बस, दोन घोट पाणी घे, चौथ्या स्तोत्राचं शांत झोपेबद्दलचं शेवटचं वचन म्हण आणि पुन्हा झोप.

पण बसल्या जागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल, थुंकीला गुलाबी फेस असेल, तर फुफ्फुसात पाणी भरतंय. बोलणं असंबद्ध झालं, टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालता येईना, तर मेंदूला सूज आहे. अशा वेळी 'प्रार्थना करू आणि सकाळपर्यंत वाट पाहू' यासारखं घातक वाक्य डोंगरावर दुसरं नाही. प्रार्थना कर, पण उतरता उतरता. त्याच रात्री, निदान ३०० मीटर तरी, आणि लक्षणं हटेपर्यंत पुढे खाली. रुग्णाला एकटं सोडायचं नाही. मंदिराच्या शिरोभागी उभा करून 'खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील' असं येशूला म्हणणारा सैतान होता, ते मत्तय ४ मध्ये आहे. अॅसिटाझोलामाइड, डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही उंचीच्या त्रासावरची औषधं कुणी, कधी, किती घ्यायची ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घे. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांग. गोळी घेतली म्हणून विश्वास उणा होत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.

वचनांची तयारी खालीच व्हायला हवी. थंडीत मोबाइलची बॅटरी बसते, जाड हातमोज्यांनी पानं उलटत नाहीत, बॉलपेनची शाई गोठते. पाच-सहा वचनं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात उतरव आणि छातीवरच्या खिशात ठेव. स्तोत्र १२१ पूर्ण पाठ कर. ते डोंगरांकडे डोळे लावून सुरू होतं, पण साहाय्य डोंगर करणाऱ्याकडून मागतं, आणि पुढे पाय घसरू न देण्याबद्दल बोलतं. पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन जिने चढताना ते म्हणून पाहा. धापा टाकताना जेवढं आठवेल तेवढंच वर उपयोगी पडेल.

शिखराची चढाई बहुधा मध्यरात्रीच्या आसपास सुरू होते. तेव्हा लांबलचक प्रार्थना विसर. मागचा गुडघा ताठ कर, वजन हाडांवर सोड, क्षणभर थांब, मग पुढचं पाऊल. श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता', आणि ओठांचा चंबू करून जोरानं सोडताना 'माझ्यावर दया कर'. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली ही जुनी प्रार्थना जणू चढासाठीच बेतली आहे. ५,००० मीटरच्या आसपास एका श्वासाला दोन पावलं पडतात, त्याहून उंच गेल्यावर एक. ताल मोडला तर पावलं कमी कर, प्रार्थना घाईनं उरकू नकोस. बोलता येईना इतका दम लागत असेल तर तुझी गतीच चुकली आहे. पाण्याची बाटली उलटी ठेव, कारण बर्फ वरून धरतो आणि उलट्या बाटलीत झाकणाची बाजू मोकळी राहते.

पहाटेचे शेवटचे दोन तास सर्वांत वाईट. थंडी टोकाला, रक्तातली साखर तळाला. इथे माणसं नवस बोलू लागतात: देवा, वर पोचव, मग मी अमुक करीन. हा सौदा झाला. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना 'माझ्या इच्छेप्रमाणे नको' अशी होती. तिचं डोंगरावरचं रूप म्हणजे परत फिरण्याची वेळ. आदल्या दिवशी, डोकं ठिकाणावर असताना, गाइडबरोबर ती ठरव आणि वचनांच्या कार्डावर सगळ्यांत वर लिही. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवरच्या वादळात आठ जण गेले. त्या दिवशी दुपारी दोननंतरही काही जण शिखराकडे चढतच होते. घड्याळानं सांगितलं की वळायचं. देव तुला शिखर देणं लागत नाही.

डॉक्टर आणि गिर्यारोहक हॉवर्ड सॉमरव्हेल हे नाव लक्षात ठेव. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर दक्षिण भारतात, त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयाची गरज त्यांनी पाहिली आणि पुढची बरीच वर्षं तिथे दिली. १९२४ मध्ये ते पुन्हा डोंगरावर होते. नॉर्थ कोल या खिंडीत, सुमारे ७,००० मीटरवर, चार भारवाहक अडकले तेव्हा सॉमरव्हेल आणि त्यांचे सोबती गिर्यारोहक नॉर्टन आणि मॅलरी स्वतःच्या चढाईसाठी राखलेली ताकद खर्चून त्यांना उतरवायला गेले. उताराचा शेवटचा तुकडा ओलांडायला दोर अपुरा पडला, तरी चौघंही जिवंत आले. काही दिवसांनी, ४ जूनला, सॉमरव्हेल बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय साधारण ८,५०० मीटरवर पोचले आणि घसा इतका बिघडला की थांबले. उतरताना घशातलं अस्तर सुटून श्वास कोंडला. ते बर्फात बसले, दोन्ही हातांनी छाती दाबली आणि अडकलेला भाग खोकून बाहेर काढला. तू विचारतोस ते बळ मला त्या चौघांच्या सुटकेत जास्त दिसतं, उंचीच्या आकड्यात कमी.

अनुभवांबाबत सावध राहा. १९३३ मध्ये गिर्यारोहक फ्रँक स्माइद एव्हरेस्टवर एकटे असताना त्यांना सोबत कुणी आहे असं इतकं खरं वाटलं, की त्यांनी मिंट केकचा (पुदिन्याच्या साखरवडीचा) अर्धा तुकडा त्या सोबत्यापुढे धरला. फार उंचीवर, थकलेल्या एकट्या माणसाला असं होतं, श्रद्धा असो वा नसो. तुला झालं तर घाबरू नकोस, त्यावर सिद्धांतही बांधू नकोस. प्रभू बरोबर आहे हे मत्तयाच्या शेवटच्या वचनावरून ('मी सदैव तुमच्याबरोबर आहे') मानायचं. ते वचन ऑक्सिजन पुरेसा असतानाही तेवढंच खरं असतं.

दोर बांधताना आधी हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बक्कल, गाठ आणि कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक एकमेकांचं हातानं चाचपून पाहा, मग प्रार्थना. उलट क्रमानं केलं की 'आमेन' म्हणताच सगळे चालू लागतात आणि तपासणी राहून जाते. दोरावरचे इतर जण तुझ्या श्रद्धेचे नसतील. त्यांच्यावर मोठ्यानं प्रार्थना लादू नकोस. त्यांच्यासाठी बर्फ वितळवून पाणी कर, आणि सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीनं चाल.

शिखरावर दहा-पंधरा मिनिटं पुरेत. येशूचा शिष्य पेत्र यालाही डोंगरावर तीन मंडप घालायचे होते, पण येशू शिष्यांना घेऊन खाली उतरला आणि पायथ्याशी एक आजारी मुलगा वाट पाहत होता. निम्मी ताकद उताराला राखून ठेव. थकलेल्या पायांनी खाली येतानाच पाय चुकतात.

घरी परतल्यावर मंडळीत साक्ष द्यायला तुला उभं करतील. महिनाभर थांबायला सांग. त्याआधी वहीत तारीख, वेळ, उंची, काय खाल्लं होतं आणि नेमकं काय वाटलं, ते लिहून काढ आणि पाळकांना दाखव. साक्षीत गाइड आणि भारवाहकांची नावं घे. त्याच डोंगरावर त्या दिवसांत कुणी दगावलं असेल, तर 'देवानं मला वाचवलं' हे वाक्य त्याच्या घरच्यांसमोर म्हणता येईल का ते आधी बघ. म्हणता येत नसेल तर गाळ.

तुझा,
एक वडीलधारा सोबती