चिंताविकार आणि मानसोपचार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोव्यातून चिंतेविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटतो. चिंता हा स्वभाव आहे, तिच्यावर उपाय असलाच तर तो गोळीचा, आणि मानसोपचार म्हणजे कोणापुढे तरी मन मोकळे करणे, असे पुष्कळांनी धरून ठेवले आहे. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांच्यापायी माणसे वर्षानुवर्षे त्रास काढतात. ओळख पटेल असा तपशील वगळून काही प्रश्न येथे घेतले आहेत. ही उत्तरे प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रश्न: छातीत अचानक धडधडते, श्वास कोंडतो, बोटांना मुंग्या येतात. तीनदा ईसीजी काढला, एकदा टूडी एकोही (हृदयाची सोनोग्राफी) केला; सगळे व्यवस्थित. डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणतात. शरीराचा त्रास बोलून कसा जाईल? (म्हापसा, वय 41)

तुमचा त्रास खरा आहे. कोणी त्याला मनाचे खेळ म्हणत असेल तर ते ऐकू नका. धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते, हृदय जलद चालते, श्वास भरभर होतो. भरभर श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, डोके हलके होते. या खुणांचा अर्थ तुम्ही "हृदयविकाराचा झटका" असा लावता, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. मानसोपचार या चक्रात शिरतो तो त्या अर्थ लावण्याच्या जागी. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या पद्धतीत विचार आणि वर्तन दोन्हींवर काम होते. हृदय ठीक असल्याची खात्री झाल्यावर उपचारक कधी कधी रुग्णाला मुद्दाम जिना चढायला किंवा भरभर श्वास घ्यायला सांगतो, म्हणजे तीच धडधड उठते, शमते, आणि तिच्यामुळे काही विपरीत होत नाही हे स्वतःच्या अनुभवातून कळते. चौथा ईसीजी काढलात तर चार दिवस बरे वाटेल आणि मग पाचवा काढावासा वाटेल. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासली नसेल तर मात्र एकदा तपासून घ्या, आणि दम्याचा पंप किंवा दिवसाला पाच-सहा कप कॉफी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. श्रमाने छातीत दुखू लागले, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम आला, तर ती चिंता आहे की काय हे घरी ठरवत बसू नका. 108 ला फोन करा.

प्रश्न: किती बैठका लागतात? (वास्को)

सीबीटीत साधारणपणे आठवड्याला एक अशा 12 ते 16. तुमच्या बाबतीतला आकडा तपासणीनंतरच सांगता येईल.

प्रश्न: गेल्या वर्षी मांडवीवरच्या अटल सेतूवर गाडी चालवताना अचानक पॅनिक अटॅक (तीव्र घबराटीचा झटका) आला. तेव्हापासून गाडी बेतीला ठेवते आणि फेरीबोटीने पणजीला कामावर जाते. फेरीत बरे वाटते. पूल टाळला तर बिघडले काय? (पर्वरी, वय 34)

बिघडते ते हळूहळू. तुम्हीच पत्रात पुढे लिहिले आहे की हल्ली मांडवीचा जुना पूलही नको वाटतो आणि कार्यालयातली लिफ्टही. टाळलेली गोष्ट एकाच जागी थांबत नाही, ती पसरते. दर वेळी बेतीला वळलात की सुटकेचा नि:श्वास मिळतो, आणि मन त्यावरून एवढेच शिकते की आपण वाचलो ते वळल्यामुळे. पुलावर चढले असते तर भीती कळसाला जाऊन आपोआप उतरली असती, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही.

यावरचा उपचार भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याचा आहे. रविवारी सकाळी रहदारी नसताना दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसून पूल ओलांडणे ही कदाचित पहिली पायरी असेल. पुढे सोबतीला कोणी असताना स्वतः चालवणे, मग एकटीने, मग कामाच्या वेळी. प्रत्येक पायरीआधी काय होईल असे वाटते ते कागदावर लिहायचे, "मी बेशुद्ध पडेन आणि गाडी कठड्यावर जाईल" असेच असेल तर तसेच, आणि नंतर प्रत्यक्षात काय झाले ते त्याशेजारी लिहायचे. पॅनिक अटॅकमध्ये रक्तदाब बहुधा वाढतो, त्यामुळे भोवळ येईल असे वाटले तरी प्रत्यक्ष बेशुद्धी क्वचितच येते. हे वाचून उद्या एकटीने स्टिअरिंग हाती घेऊन पुलावर जाऊ नका. पायऱ्या उपचारकाबरोबर बसून ठरवायच्या असतात, आणि पहिली पायरी चालकाच्या जागेवरची नसते.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती. फार्मसीवाला ओळखीचा असल्याने जुन्या चिठ्ठीवर मिळत राहते. अर्ध्या गोळीची आता एक झाली. ज्या रात्री दोन पेग घेतो त्या रात्री गोळी लागत नाही. येत्या सोमवारपासून गोळी एकदम बंद करून थेरपी घ्यावी म्हणतो. (फोंडा, वय 47)

सोमवारी गोळी बंद करू नका. तीन वर्षे रोज घेतलेली अल्प्राझोलाम एकाएकी थांबवली तर झोप उडणे, थरथर, मूळच्यापेक्षा तीव्र घबराट आणि क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. मात्रा कमी करायची ती मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आठवडे आणि महिन्यांच्या हिशेबाने.

या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो, कारण गोव्यात घरोघरी हेच चालू आहे. मी स्वतः गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आहे, तेव्हा याला औषधांविषयीचा पूर्वग्रह समजू नये. अल्प्राझोलामच्या वर्गातली (बेंझोडायझेपिन) औषधे थोड्या दिवसांसाठी, दोन ते चार आठवड्यांच्या बेताने, द्यायची असतात. त्यांची सवय लागते, मात्रा पुरेनाशी होते, वयस्कर माणसांत पडण्याचा आणि विसरभोळेपणाचा धोका वाढतो. अल्प्राझोलाम औषधांच्या शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे. चिठ्ठीवाचून ती विकता येत नाही आणि विक्रीची नोंद फार्मसीला तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ओळखीखातर जुन्या चिठ्ठीवर गोळी देणारा तुमच्यावर उपकार करत नाही. शेजारणीला "माझी घेऊन बघ, छान झोप लागते" म्हणून पाकिटातली अर्धी गोळी देणारेही नाही. दारूचे तर त्याहून वाईट आहे. दारू आणि ही गोळी दोन्ही मेंदूच्या त्याच भागांना मंदावतात. एकत्र घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. शिवाय दारूचा अंमल उतरताना चिंता वाढतेच, म्हणून सकाळची धडधड ही पुष्कळदा रात्रीच्या पेगची असते. आपल्याकडे दारू स्वस्त आहे आणि घेण्यात कोणाला वावगे वाटत नाही, त्यामुळे चिंतेसाठी पिणारा माणूस फार उशिरा लक्षात येतो.

मानसोपचारापुरते सांगायचे तर अडचण अशी, की गोळी घेऊन भीतीला सामोरे गेलात की श्रेय गोळीला जाते आणि मन काही शिकत नाही. खिशात नुसती गोळ्यांची पट्टी असली तरी पुष्कळांच्या बाबतीत हेच घडते. दीर्घकाळ द्यायची वेगळी औषधे आहेत, एसएसआरआय (चिंता व नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या) वर्गातली. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि थेरपीबरोबर ती चांगली चालतात. तीही स्वतःहून सुरू किंवा बंद करायची नसतात. तुम्ही याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि गोळी व दारू दोन्हींचा खरा हिशेब सांगा.

प्रश्न: "एका बैठकीत चिंता मुळापासून नाहीशी" अशी संमोहनाच्या पॅकेजची जाहिरात पाहिली. तिच्यात आबे फारियांच्या पुतळ्याचे चित्र आहे. पैसे भरावेत का? (पणजी)

भरू नका. एका बैठकीत चिंताविकार नाहीसा करण्याची हमी कोणताही जबाबदार उपचारक देत नाही, आणि रक्कम आगाऊ मागणाऱ्यापासून तर दूरच राहावे. कांदोळीत 1756 साली जन्मलेले पाद्री आणि संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया यांनी नेमके हे मांडले होते की संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, जे घडते ते समोरच्याच्या मनातून घडते. त्यांचा पुतळा "मी तुम्हाला बरे करतो" म्हणणाऱ्या जाहिरातीवर वापरावा, याचे वाईट वाटते.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, आधी देवाला कौल लावू, मग डॉक्टर. (डिचोली)

कौल लावा, पण डॉक्टरांची वेळ आजच घ्या. श्रद्धेने धीर येतो आणि तो कोणी काढून घेऊ नये. मात्र कौल, मग दृष्ट, मग आणखी कोणी जाणकार, असे करता करता दीड वर्ष गेल्याचे तुम्हीच लिहिले आहे.

प्रश्न: जायचे कोणाकडे? मला इंग्रजीत नीट बोलता येत नाही, आणि बांबोळीच्या सरकारी मानसोपचार रुग्णालयात गेले तर गावात बोभाटा होईल. (पेडणे, वय 29)

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो व औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, ती निःसंकोच विचारा. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत कोकणी-मराठीत बोलणारी माणसे आहेत, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. प्रवास जमत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या) मोफत क्रमांकावर सुरुवात करा. जगणे नको असे विचार येत असतील तर थांबू नका, आत्ताच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

प्रश्न: आयुष्यभर काळजी करत आले. आता या वयात थेरपीचा काय उपयोग? (काणकोण, वय 63)

उपयोग होतो. गोव्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने चिंता आणि नैराश्यावर उपचार करण्याचा मोठा अभ्यास झाला, तो 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे दिसले. सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल, झोप आणि कामे बिघडत असतील, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या वयात चिंतेच्या आड थायरॉइड, रक्तदाबाच्या किंवा अन्य गोळ्यांचा परिणाम, अथवा नैराश्यही असू शकते; म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवा आणि मनोविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागून घ्या.