दोन सोनोग्राफी झाल्या, पोट दुखतंच आहे

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत. आम्ही गुहागर तालुक्यात खाडीलगतच्या वाडीत राहतो. गेल्या जुलैपासून तिचं पोट दुखतं. आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुतेक सकाळी, बेंबीभोवती. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते, अर्ध्या तासाने उठते. चार डॉक्टर झाले. जंताचं औषध दोनदा दिलं, अॅसिडिटीचं महिनाभर. रक्त-लघवी ठीक. दुसऱ्या सोनोग्राफीत आतड्याजवळ गाठी, मोठ्यात मोठी ६ मिलिमीटर, असं आलंय. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं, एका बाईंकडून बेंबी बसवून आणली. वर्गात बाई म्हणतात, नाटकं करते. ताप-उलटी नाही. जूनमध्ये वजन २५ किलो होतं, आता साडेसत्तावीस. शौचाला दोन-तीन दिवसांनी जाते, पण ते काय, चालायचंच. मिस्टर मुंबईला असतात. म्हणतात, इकडे आण, सीटी स्कॅन करून टाकू. न्यावं का?
— एक आई

उत्तर : ताई, आधी गाठींचं सांगते, म्हणजे आज रात्री झोपाल. आतड्याच्या पडद्यात प्रत्येक मुलाला अशा गाठी असतात. सर्दी-पडसं, जुलाब झाले की त्या थोड्या फुगतात. रुंदीला ८ मिलिमीटरपर्यंतच्या गाठी धडधाकट मुलांतही दिसतात. ताप नाही, वजन आठ-नऊ महिन्यांत अडीच किलो वाढलंय, तेव्हा या ६ मिलिमीटरवरून टीबीचा धसका घेऊ नका. घरात कुणाला टीबी झाला असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरं, पोर नाटक करत नाही. जॉन अॅप्ली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यासोबत १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहातल्या एकाला असं वारंवार पोटदुखीचं दुखणं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात बोट ठेवून दाखवावा असा आजार सापडला नाही. दुखणं मात्र खरंच होतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. बाईंना हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा. तिच्यासमोर सांगा.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिलंत, तिथेच मी थांबले. दोन-तीन दिवसांनी शौच. आणि सुरुवात जुलैत, म्हणजे पाचवीत गेल्यावर. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच असेल, तर आता सकाळची एसटी, नवी शाळा. माझ्याकडे अशीच एक मुलगी यायची. ‘बाळा, एका बोटाने दाखव कुठे दुखतं,’ म्हटलं की पूर्ण तळवा बेंबीवर फिरवायची. तिसऱ्या खेपेला आईला बाहेर बसवलं, तेव्हा हळूच म्हणाली, ‘तिकडच्या संडासाला कडी नाय.’ सहा महिने ती दिवसभर दाबून धरत होती. घरी एसटी चुकेल म्हणून सकाळचीही घाई.

असं धरून ठेवलं की मळ साठून घट्ट होतो, मोठं आतडं ताणलं जातं, आणि ताणलेल्या आतड्याला हळूहळू ‘जायचंय’ हेच कळेनासं होतं. सकाळी काही खाल्लं की आतडं हलायला लागतं, मळ अडलेला, मग कळ येते. तुमच्या मुलीचं असंच आहे असं पत्रावरून मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी पोट हाताने नीट चाचपून हे आधी तपासायला हवं. तसं निघालं तर मळ मऊ करणारी पावडर वजनाच्या मापाने, रोज, काही महिने लागते. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवलीत की पुन्हा पहिले पाढे. सकाळी पेज प्यायल्यावर दहा मिनिटं शांत बसू दे. त्यासाठी अर्धा तास लवकर उठवावं लागेल. आणि शाळेच्या संडासाला कडी आहे का, ते डोळ्यांनी बघून या.

सीटी स्कॅन आत्ता नको. त्यात क्ष-किरणांचा मारा बराच, आणि तुम्ही लिहिलंय त्यात तो करावा असं काही दिसत नाही. त्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना विचारून सीलिअॅक या गहू न सोसण्याच्या आजाराची रक्ततपासणी करून घ्या. तोवर चपाती बंद करू नका, नाहीतर ती तपासणी फसते. एक वही घाला : कधी दुखलं, किती वेळ, काय खाल्लं होतं, शौच झाली का, शाळा होती की सुट्टी. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन. हे मी कळकळीने सांगते, कारण वीस वर्षांपूर्वी एका मुलाचं वजन मी चार महिने कार्डावर लिहिलंच नाही. दुखणं ‘तसलंच’ समजत राहिले. त्याला आतड्याचा टीबी निघाला. बरा झाला तो, पण ते चार महिने त्याने उगाच सोसले.

म्हणून वजन घटलं, उंची खुंटली, दुखण्याने झोपेतून जाग आली, शौचात रक्त दिसलं, बारीक ताप राहिला, तोंड सारखं येऊ लागलं किंवा सांधे सुजले, तर मग खुशाल मुंबई गाठा आणि पोटविकारांच्या बालतज्ज्ञांनाच दाखवा.

बेंबी बसवणं मात्र आजपासून बंद. सासूबाईंची माया मला कळते, गाऱ्हाण्याला माझी हरकत नाही. पण अपेंडिक्स सुजलेलं असताना पोट चोळलं तर ते फुटू शकतं. दुखणं बेंबीकडून उजव्या बाजूला खाली उतरलं, पोर वाकून चालायला लागली, हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. मिळेल त्या गाडीने रात्रीच निघा.