विमा बंद करून आरोग्यखातं काढावं का?

कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. त्यांचं वय ६६, यजमानांचं ७१, यजमानांना मधुमेह. दोघांचा मिळून १० लाखांचा फ्लोटर मेडिक्लेम १४ वर्षं चालू आहे. गेल्या वर्षी हप्ता ६८,००० होता, यंदा नोटीस आली ८२,४०० ची. एवढ्या वर्षांत क्लेम एकच, मोतीबिंदूचा, आणि तोही पूर्ण मिळाला नाही. औषधं आणि तपासण्यांना महिन्याला साडेसहा हजार खिशातून जातात ते वेगळेच. न्यू जर्सीतल्या भाच्याचं ‘एचएसए’ नावाचं आरोग्यखातं आहे, त्यात पैसे साठतात आणि वाढतात. मग विमा सोडून हप्त्याची रक्कम आपणही दर वर्षी अशीच बाजूला टाकली तर? एफडी २२ लाखांची आहे. पेन्शन आणि व्याज धरून घरात महिना ७०,००० येतात.

ताई, खातं जरूर काढा. विमा मात्र सोडू नका.

भाच्याचं खातं विम्याच्या बदल्यात नाही, विम्याच्या जोडीला आहे. सुरुवातीचा बराच खर्च आपण सोसायचा, अशा जास्त डिडक्टिबलचा आरोग्यविमा असेल तरच अमेरिकेत एचएसएमध्ये पैसे भरता येतात. भरताना करसवलत, वाढीवर कर नाही, उपचारांसाठी काढले तरी कर नाही, हे त्याचं खरं आकर्षण. आपल्याकडे तसं खातं नाही. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची (८०डीची) वजावट आहे, पण ती जुन्या करप्रणालीत. आणि तुम्हा दोघांच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत सध्या कर लागतच नाही. त्यामुळे कर वाचवण्याचा प्रश्न तुमच्यापुरता मिटला.

आता तुमचा हिशेब करून पाहू. दर वर्षी ८२,४०० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांनी साधारण पाच लाख होतात. पण आजारपण पाच वर्षं थांबत नाही. पहिल्याच वर्षी बायपासची वेळ आली तर खात्यात असतील फक्त ८२,४००. तुम्ही म्हणाल, एफडी आहे ना. आहे, पण तिच्या व्याजावर तुमचं घर चालतं. त्यातले आठ लाख रुग्णालयात गेले तर महिन्याचे साडेचार हजारांहून जास्त कायमचे कमी होतील, आणि नेमके त्याच काळात औषधांचा खर्च वाढलेला असेल. शिवाय तुम्ही दोघं आहात.

सगळ्यात मोलाची आहेत ती तुमची १४ वर्षं. सलग ६० महिने विमा चालू राहिला की सिद्ध झालेली फसवणूक सोडली, तर ‘तुम्ही आजार लपवला होता’ म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. मधुमेहाचा प्रतीक्षाकाळही, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, तुम्ही कधीच ओलांडलाय. आज विमा सोडला आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यायला गेलात, तर वयाची अट आता नसली तरी तपासण्या होतील, जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, यजमानांना कदाचित नकारच मिळेल.

हप्ता अंगावर येतोय हे मला मान्य आहे. २१ टक्के वाढ निमूटपणे भरू नका. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीनं आधी विमा नियामक आयआरडीएआयशी सल्लामसलत करायची, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. वाढीतली किती वयोगट बदलल्यामुळे आणि किती दरवाढीमुळे, हे ईमेलवर लेखी विचारा. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, नोटिशीत तो धरलेला नाही ना तेही पाहा.

एजंट कदाचित विमा ५ लाखांवर आणायला सांगेल. थांबा. जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा बहुधा विमा रकमेच्या १ टक्का असते. आज ती दिवसाला १०,००० असेल तर ५,००० होईल. तुम्ही ८,००० ची खोली घेतली तर फक्त वरचे तीन हजार भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले आकार त्याच प्रमाणात कापले जातात. अशा आकारांचं बिल चार लाखांचं असेल तर हाती अडीच लाखच येतील. ‘मोतीबिंदूचा पूर्ण मिळाला नाही’ त्यामागेही अशीच एखादी मर्यादा असणार. सेटलमेंटचं पत्र काढून बघा. हप्ता कमी करायचाच असेल तर ५ लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षातला खर्च ५ लाखांपुढे गेला की तिथून पुढचा देणारा जोडविमा, आत्ता मिळतोय का पाहा. तो मिळून त्याचा प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत मूळ विम्याला हात लावू नका.

यजमानांचं सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र याच आठवड्यात काढा. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं. तुम्हाला ते सत्तरीनंतर. पुण्यातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत आणि तुमच्या डॉक्टरांचं त्यात आहे का, हे निवांत असताना बघून ठेवा.

आता खातं. विमा ज्याला हात लावत नाही असा खर्च भरपूर असतो: दाताची कवळी, श्रवणयंत्र, भरती होतानाचं डिपॉझिट, बिलातले हातमोजे-मास्कसारखे न मिळणारे आकार. आणि घरी आल्यावर रुग्णाची काळजी घ्यायला ब्युरोची मावशी. दिवसपाळी-रात्रपाळी दोन मावश्या दोन महिने ठेवाव्या लागल्या की भलेभले हिशेब कोलमडतात, हे मी घरोघरी पाहते. यासाठी एफडीतले तीन लाख वेगळ्या बचत खात्यात ऑटो-स्वीप लावून ठेवा, म्हणजे ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप एफडीत जातील. खातं दोघांच्या नावानं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील. महिन्याची औषधं पेन्शनमधूनच चालू द्या. त्यातली जेनेरिक चालतील ती डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, फरक पहिल्या महिन्यातच दिसेल.

नूतनीकरण २८ तारखेला आहे असं तुम्ही लिहिलंय. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो आणि पॉलिसी तुटत नाही, पण हप्ता भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा क्लेम मिळत नाही. कंपनीचं उत्तर येवो न येवो, २५ च्या आत पैसे भरून टाका.